राजाश्रयातले फुटबॉल: महाराष्ट्राचे संघ मैदानावर हरून संपले नाहीत

#धागा

१/
नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतून जाणाऱ्याला महिंद्राचा कारखाना दाखवून द्यावा लागत नाही. स्कॉर्पिओ इथे तयार झाली, हे शहरातले शाळकरी पोरही अभिमानाने सांगते. पण याच कंपनीच्या मालकीचा फुटबॉल संघ २००६ साली भारताचा राष्ट्रीय विजेता होता, हे त्याच शहरात दहा जणांना विचारले तर नऊ जण चकित होतात. संघाचे नाव महिंद्रा युनायटेड. स्थापना १९६२. अंत २०१०. मारेकरी कोणी प्रतिस्पर्धी संघ नव्हता.

२/
महाराष्ट्रात फुटबॉल का रुजला नाही, या प्रश्नाला एक ठरीव उत्तर दिले जाते: ‘इथे क्रिकेटशिवाय काही चालत नाही, प्रेक्षकच नाहीत.’ हे उत्तर ऐतिहासिकदृष्ट्या आळशी आहे, आणि ज्यांच्या सोयीचे आहे त्यांनीच ते रूढ केले आहे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या राज्यातले किमान पाच व्यावसायिक संघ नाहीसे झाले. त्यांतल्या एखाददुसऱ्याची खेळात घसरण झाली होती, हे खरे. पण प्रत्येकाचा शेवट झाला तो मालकाच्या कार्यालयात. संघावर मालकी कोणाची आणि कशा स्वरूपाची, हा प्रश्न बाजूला ठेवून हा इतिहास लिहिताच येत नाही.

३/
मराठी इतिहासाच्या वाचकाला यासाठी नवी परिभाषा शिकण्याची गरज नाही. राजाश्रय आणि लोकाश्रय हे दोन शब्द पुरेसे आहेत. गवई, मल्ल, शिल्पी, कवी यांचा इतिहास सांगताना ते सतत वापरले जातात. दरबार उदार असला की कला फुलते, आणि गादीवरचा माणूस बदलला की तोच गवई दुसऱ्या संस्थानाची वाट धरतो. मुंबई-पुण्याचे फुटबॉल हे विसाव्या आणि एकविसाव्या शतकातले असेच दरबारी फुटबॉल होते. दरबार तेवढा संचालक मंडळाचा होता.

४/
मुंबईत ही परंपरा जुनी. कूपरेज मैदानावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रोव्हर्स कप खेळला जाई. आरंभी तो ब्रिटिश पलटणींचा होता. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे शहरात जे संघ उभे राहिले त्यांची नावे वाचली तरी मालकी कळते: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा अँड महिंद्रा. गिरणी, तेल कंपनी, विमान कंपनी, मोटार कारखाना. खेळाडूला नोकरी मिळे, सकाळी सराव, दुपारी हजेरीपटावर सही, आणि गुडघा गेला तरी पगार चालू.

५/
या पद्धतीला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. चाळीत वाढलेल्या मुलासाठी फुटबॉल हा नोकरीचा मार्ग झाला तो या कंपन्यांमुळेच, आणि निवृत्तीनंतर निर्वाह वेतन मिळालेले खेळाडू आजच्या फ्रँचायझीवाल्यांना हेवा वाटावा असे आयुष्य जगले. दोष वेगळ्या ठिकाणी होता. या संघांना स्वतःची घटना नव्हती, सभासद नव्हते, स्वतःची मालमत्ता नव्हती. कारखान्यातल्या उपाहारगृहाचा जो दर्जा, तोच संघाचा. काटकसरीची वेळ आली की दोघांकडे एकाच नजरेने पाहिले जाई.

६/
महिंद्राचा संघ या सर्वांत पुढे गेला. नोकरदार खेळाडूंचा चमू ते पूर्ण व्यावसायिक क्लब हा प्रवास त्याने केला. जीप बनवणाऱ्या कंपनीचे म्हणून त्यांना ‘जीपमेन’ म्हणत. २००३ आणि २००५ चा फेडरेशन कप, २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग, २००६ आणि २००८ ची आयएफए शील्ड, २००८ चा ड्युरंड कप. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक. मुंबईचा स्टीव्हन डायस उजव्या बगलेवरून धावणारा. कोलकाता आणि गोवा यांच्या मक्तेदारीत मुंबईचा झेंडा रोवणारा हा संघ. नॅशनल लीग आणि तिचा पुढचा अवतार असलेली आय-लीग मिळून महाराष्ट्राच्या वाट्याला एकच विजेतेपद आले, ते याचे.

७/
आणि मग मार्च २०१० मध्ये जाहीर झाले की हंगाम संपताच संघ बंद होणार. कारण असे दिले गेले की कंपनी यापुढे शालेय पातळीवरील फुटबॉलकडे लक्ष देईल. उद्देश चांगला होता. शालेय स्पर्धा झाल्याही. पण त्या स्पर्धेत चमकलेल्या मुंबईच्या मुलाने मोठेपणी कोणत्या संघात जायचे, हा प्रश्न त्या निवेदनात नव्हता. मुळे जगवण्यासाठी झाड तोडले, असे काहीसे.

८/
पैसा नव्हता असेही म्हणता येत नाही. त्याच वर्षी या कंपनीने दक्षिण कोरियातील सँगयाँग ही मोटार कंपनी विकत घेण्याचा करार केला. विस्तार करायचा की आवरते घ्यायचे, हा व्यवसायाचा निर्णय असतो आणि तो घेण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार आहे. मुद्दा एवढाच की ४८ वर्षांचा एक क्रीडा-वारसा त्या निर्णयाच्या तागडीत इतर वस्तूंसारखाच घातला गेला, आणि त्याच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कोणीही बसलेले नव्हते. खेळाडू नाहीत, माजी खेळाडू नाहीत, प्रेक्षक तर नाहीतच.

९/
येथे हमखास येणारा आक्षेप: ‘पैसा त्यांचा, संघ त्यांचा, बंद करतील नाहीतर चालवतील. बाकीच्यांचे काय गेले?’

वरवर बिनतोड वाटणारे हे वाक्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने मान्य करू नये. गायकवाडांनी किंवा पटवर्धनांनी गवई पोसले म्हणून त्यांची घराणी त्या संस्थानिकांची खासगी मालमत्ता ठरत नाहीत. संघाचे खेळाडू आणि बसगाडी मालकाची असेल. पण कूपरेजच्या पायऱ्यांवर उन्हात बसून ज्यांनी तीस वर्षे सामने पाहिले, त्यांनी त्या नावाला जो अर्थ दिला, तो कोणत्या ताळेबंदात मांडला होता? नाव मोठे झाले ते दोघांमुळे. पुसून टाकण्याचा अधिकार मात्र एकाचाच.

१०/
पुण्याची गोष्ट अधिक दुःखद, कारण ती घाईची आहे. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी स्थापन केला. २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा क्रमांक, २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद. संघासोबत युवा गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी अकादमी. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नियमित येणारा प्रेक्षक. भारतीय फुटबॉलमध्ये ‘नीट चालवलेला क्लब’ म्हणून ज्यांची नावे घेतली जात, त्यांत पुणे अग्रभागी होते.

११/
म्हणूनच हा संघ या युक्तिवादासाठी महत्त्वाचा आहे. वाईट मालकी म्हणजे उधळ्या किंवा लबाड मालक, अशी आपली समजूत असते. पुणे एफसीचे मालक तसे नव्हते. पगार वेळेवर, सराव शिस्तीत, अकादमी चांगली. तरीही २०१४-१५ च्या हंगामानंतर त्यांनी हात आखडता घेतला आणि आठ वर्षांची उभारणी थांबली. चांगल्या मालकाच्या हाताखालीही क्लब एका सहीवर जगत असेल, तर त्या रचनेलाच वाईट मालकी म्हटले पाहिजे. भला राजा असणे हे राज्यघटना असण्याला पर्याय ठरत नाही. हे आपण इतरत्र मान्य करतो, खेळात करत नाही.

१२/
त्याच शहरात, त्याच सुमारास कल्याणी समूहाने भारत एफसी काढला. २०१४ मध्ये घोषणा, २०१४-१५ मध्ये एक हंगाम, तळाचे स्थान, २०१५ मध्ये माघार. एक हंगाम! गणेशोत्सव मंडळाची पावती पुस्तकेसुद्धा याहून अधिक काळ टिकतात.

१३/
तिसरा संघ एफसी पुणे सिटी. २०१४ च्या इंडियन सुपर लीगसाठी वाधवान समूहाने घेतलेली ही फ्रँचायझी. सहमालकांत अभिनेता हृतिक रोशन. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्याच हंगामानंतर मालक समूहाच्या आर्थिक अडचणींचा फटका बसला आणि २०१९ मध्ये संघ विसर्जित झाला. त्याची लीगमधली जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली. तिथे हैदराबाद एफसीने २०२१-२२ ची आयएसएल जिंकली, नंतर तोही आर्थिक गर्तेत गेला, आणि २०२५ मध्ये तीच जागा नव्या नावाने दिल्लीला पोहोचली. ज्या दिल्लीचा डायनामोज हा मूळ संघ २०१९ मध्ये भुवनेश्वरला हलवून ओडिशा एफसी करण्यात आला होता, तीच ही दिल्ली. फिरत्या सर्कशीचे तंबूसुद्धा गावाला वर्षभराने परत येतात.

१४/
पाच वर्षांत तीन संघ गमावणाऱ्या शहराला ‘फुटबॉलची आवड नाही’ असे म्हणणाऱ्यांनी क्षणभर त्या प्रेक्षकाच्या जागी उभे राहावे. २०१५ पर्यंत त्याने एका संघाचा गळपट्टा घातला. तो संघ गेला. दुसऱ्याला स्वीकारावे तर तो आधीच गेला होता. तिसऱ्याशी सूर जुळतात तोवर तो विकला गेला. चौथ्या वेळी कोणी नवे बोधचिन्ह घेऊन आले आणि याने पाठ फिरवली, तर त्याला उदासीन म्हणायचे की शहाणा?

१५/
मुंबईत एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २००७ मध्ये निघाला. महिंद्रानंतर शहराचे नाव आय-लीगमध्ये राखणारा हा साधा, चिवट संघ. २०१६-१७ मध्ये तळाला जाऊन पदावनत झाला. पदावनती म्हणजे मृत्यू नव्हे. जगभर संघ खाली जातात, दोन वर्षे धुळीत खेळतात, परत वर येतात. त्यातूनच दंतकथा जन्मतात. मुंबई एफसी मात्र परत आलाच नाही. खालच्या पायरीवर खेळण्यात मालकाला स्वारस्य उरले नव्हते. आणि पायरीवरून घसरलेल्या संघाला उचलून धरण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नव्हता.

१६/
एअर इंडियाचे प्रकरण थोडे वेगळे आणि उद्बोधक. आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवाना निकषांत क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था असावी, अशी अट आहे. ती व इतर अटी न पेलल्याने २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या संघांना आय-लीगबाहेर जावे लागले. रोगाचे निदान बरोबर होते: संघ हा आस्थापनेचा विभाग असता कामा नये. पण उपचार काय झाला? रोग्याला रुग्णालयाबाहेर काढण्यात आले. शिवाय ‘स्वतंत्र संस्था’ म्हणजे व्यवहारात एकाच मालकाची खासगी कंपनी. तिच्यावर सभासदांचे नियंत्रण असावे, असे कोणी म्हटले नाही.

१७/
गोव्याकडे पाहू, कारण तिथे फुटबॉलला प्रेक्षक नाहीत असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. साळगावकर (१९५६), धेंपो, चर्चिल ब्रदर्स: तिन्ही नावे उद्योगपती घराण्यांची. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, साळगावकरने दोनदा, चर्चिलने दोनदा. २०१६ मध्ये आयएसएलला वरचा दर्जा देऊन जुन्या क्लबांची लीग खाली ढकलण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले.

१८/
या माघारीत तत्त्व होते, हे मान्य केले पाहिजे. वर जाण्याची वाट नसलेल्या लीगमध्ये का खेळावे, हा त्यांचा प्रश्न चोख होता. पण एक विसंगती नजरेआड करता येत नाही: धेंपो आणि साळगावकर या घराण्यांतील उद्योगपती त्याच वेळी आयएसएलमधील एफसी गोवाचे सहमालक होते. जुना वाडा आणि नवा बंगला दोन्ही एकाच कुटुंबाचे. वाड्याला टाळे लागले तेव्हा वाड्यात राहणाऱ्यांचे मत विचारले गेले नाही.

धेंपोचे एक बरे झाले. घराण्याने संघ स्थानिक लीगमध्ये जिवंत ठेवला, आणि काही वर्षांनी तो राष्ट्रीय पातळीवर परतला. पण परतण्याचा निर्णयही घराण्याचाच. दयेवर मेलेला आणि दयेवर जगलेला, यांत संस्थेच्या दृष्टीने फरक किती?

१९/
या साऱ्याच्या वर बसलेली मोठी मालकी विसरून चालणार नाही. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यातून एका हाती गेले आणि त्यातूनच आयएसएल जन्मली. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नूतनीकरण लटकले, आणि जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी नवा हंगाम स्थगित केल्याचे क्लबांना कळवले. एका पत्राने अख्ख्या देशाची अव्वल लीग थांबली. महिंद्राच्या बाबतीत एका संघाचे जे झाले, तेच इथे मोठ्या मापाने घडले.

२०/
आता कोल्हापूर. महाराष्ट्रात फुटबॉलला प्रेक्षक नाहीत म्हणणाऱ्यांनी राजर्षी शाहू स्टेडियममध्ये हंगामातला एखादा महत्त्वाचा सामना पाहावा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नावांतच ‘तालीम’ आणि ‘मंडळ’ आहे. हे संघ पेठांचे. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या तरुणांनी पुढे फुटबॉलही खेळायला घेतला, आणि पेठेची अस्मिता लाल मातीतून हिरव्या मैदानावर आली.

२१/
येथे इतिहासप्रेमींना एक सुंदर वळण दिसेल. कोल्हापूरच्या तालमींना मोठा राजाश्रय मिळाला तो छत्रपती शाहू महाराजांचा. खासबागचे कुस्ती मैदान १९१२ चे. १९२२ मध्ये महाराज गेले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रयाचा स्रोतच संपला. वर सांगितलेल्या मुंबई-पुण्याच्या नियमाने तालमीही संपायला हव्या होत्या. त्या संपल्या नाहीत, कारण तोवर त्या पेठेच्या झाल्या होत्या. वर्गणी पेठेची, पोरे पेठेची, आणि पराभवानंतरची आठवडाभराची बोलाचालीही पेठेचीच.

२२/
कोल्हापूरचे गोडवे गाताना डोळे मिटण्याचे कारण नाही. तिथल्या मैदानावर हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबवावे लागले आहेत. पुढाऱ्यांचा हात पाठीवर असल्याशिवाय मोठी स्पर्धा भरत नाही. तालमींचे संघ राष्ट्रीय लीगपर्यंत पोहोचले नाहीत, आणि अनिकेत जाधवसारखा २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला मुलगा घडला, तरी पुढच्या वाटचालीसाठी त्याला कोल्हापूर सोडावे लागले. या सर्व उणिवा मान्य. पण कोणत्याही उद्योगसमूहाच्या बैठकीत ठराव करून पाटाकडील तालीम बंद करता येत नाही.

२३/
नाशिककरांना तर उदाहरणासाठी कोल्हापूरलाही जावे लागत नाही. सार्वजनिक वाचनालय, अर्थात सावाना, १८४० मध्ये स्थापन झाले. इंग्रजी राजवट, संस्थाने, गिरण्यांचे साम्राज्य, सारे आले आणि गेले. वाचनालय आहे. तिथल्या निवडणुका किती ईर्ष्येने लढवल्या जातात हे शहर जाणते; आरोप-प्रत्यारोप होतात, पॅनेले पडतात, काही सभासद कंटाळून नाके मुरडतात. तरीही १८५ वर्षांत एका सकाळी कोणी कुलूप लावून ‘आता आम्ही वेगळ्या क्षेत्राकडे लक्ष देणार आहोत’ असे निवेदन काढू शकले नाही. भांडणारे सभासद ही संस्थेची डोकेदुखी असते. तोच तिचा विमाही असतो.

२४/
भावना बाजूला ठेवून कायद्याचे पाहू. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा महाराष्ट्रातल्या हजारो मंडळांना ओळखीचे आहेत. त्याखालील संस्थेला घटना असते, सर्वसाधारण सभा असते, आणि विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. खासगी कंपनीच्या रूपातल्या क्लबाला अशी परवानगी घ्यावी लागत नाही. गावातले भजनी मंडळ आणि राष्ट्रीय विजेता फुटबॉल संघ यांत कायदेशीर संरक्षण भजनी मंडळाला अधिक.

२५/
सभासदांच्या मालकीने काय साधते ते कोलकात्यात दिसले. १८८९ चा मोहन बागान पैशाअभावी २०२० मध्ये एटीके या फ्रँचायझीच्या मालकांशी जोडला गेला. फुटबॉल कंपनीतला बहुसंख्य हिस्सा त्या मालकांकडे. संघाच्या नावापुढे ‘एटीके’ लागले. समर्थकांनी तीन वर्षे हे नाव हटवण्याचा धोशा लावला, आणि २०२३ मध्ये ते गेले. नावात ‘सुपर जायंट’ शिरले खरे, म्हणजे विजय अर्धाच. पण मूळ क्लब आणि त्याचे सभासद शिल्लक होते, म्हणून लढायला जागा होती. ईस्ट बेंगालची उलटी बाजूही सांगितली पाहिजे: तिथल्या पदाधिकाऱ्यांचे एकापाठोपाठ एक गुंतवणूकदारांशी फाटले, करार महिनोन्‌महिने अडले. सभासदांची मालकी ही जादूची कांडी नाही. तिच्यात क्लब आजारी पडतो. नाहीसा होणे मात्र अवघड जाते.

२६/
इंग्लंडमध्येही मालकांनी क्लब बुडवले आहेत. १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला बरी हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. असे आणखी प्रकार घडल्यावर तिथल्या संसदेने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली. जर्मनीत तर बहुतांश क्लबांत मताधिकाराचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांकडेच राहील, असा नियम आहे.

२७/
इतिहासप्रेमींसाठी खरी गोष्ट विम्बल्डनची. मालकांनी हा लंडनमधला संघ २००३ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात नेला. समर्थकांनी वर्षभर आधीच, २००२ मध्ये, स्वतःच्या मालकीचा नवा क्लब काढून अगदी तळाच्या लीगपासून सुरुवात केली होती. मग प्रश्न आला: १९८८ चा एफए कप कोणाचा? नोंदणीपत्र मिल्टन कीन्सकडे, माणसे विम्बल्डनमध्ये. अखेर २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने त्या इतिहासावरचा हक्क सोडला आणि करंडकांच्या प्रतिकृतींसह जुना ठेवा विम्बल्डन ज्यात येते त्या मर्टनच्या स्थानिक प्रशासनाच्या स्वाधीन केला. इतिहासाचा हक्क नोंदणीपत्रावर ठरत नाही, हे एका क्लबाने लेखी मान्य केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

२८/
महाराष्ट्रात हा प्रश्न विचारलाच गेलेला नाही. २००६ चे राष्ट्रीय विजेतेपद आज कोणाच्या नावे आहे? हैदराबादला गेलेल्या जागेसोबत पुण्याच्या पाच हंगामांचे काय गेले आणि काय मागे राहिले? गडकिल्ल्यांच्या दगडादगडाची नोंद ठेवणारा समाज कूपरेजच्या सामन्यांची छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका, खेळाडूंच्या मुलाखती गोळा करत नसेल, तर उद्या ‘इथे फुटबॉल कधी नव्हताच’ हे वाक्य खोडून काढायला पुरावाही उरणार नाही.

२९/
उद्योगपतींनी खेळातून निघून जावे, असे या धाग्याचे म्हणणे नाही. ते गेले तर उरलेसुरलेही जाईल. मागण्या माफक आहेत आणि राज्य संघटनेला नोंदणीच्या अटींत त्या घालता येण्यासारख्या आहेत. क्लब बंद करायचा असेल तर एका हंगामाची पूर्वसूचना. नाव, बोधचिन्ह आणि अभिलेख प्रथम समर्थकांच्या नोंदणीकृत संस्थेला देऊ करणे. अकादमीतल्या मुलांचे नवे ठिकाण ठरल्याशिवाय कुलूप नाही. शहर बदलायचे तर नाव आणि इतिहास मूळ शहरातच ठेवणे. आणि भागभांडवलात समर्थकांच्या संस्थेचा एक तरी हिस्सा, ज्याच्या संमतीवाचून विसर्जनाचा ठराव होऊ शकणार नाही. भाडेकरूला घर सोडायला लावतानाही नोटीस द्यावी लागते.

३०/
ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नियुक्ती झाली. त्यांची कारकीर्द मुंबईची. खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, शेवटी मुंबई एफसी. त्याच मुंबई एफसीचे ते पुढे अनेक वर्षे प्रशिक्षक होते. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. तो संघ आदल्या हंगामात पदावनत झालेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळेच त्याला लीगमध्ये परत जागा मिळाली होती. देशाच्या प्रशिक्षकाला घडवणारे मुंबईचे ते तीन संघ आज राष्ट्रीय पातळीवरच्या कोणत्याही लीगमध्ये नाहीत.